घड्याळाने सांगितलं, मास्तर पडले

आमच्या पेडणे तालुक्यात धावण्याविषयी कुणाला काही विचारायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं. सोळा वर्षं मी हायस्कुलात पी.टी. शिकवतोय. या सोळा वर्षांत किती पोरांना मी मैदानाभोवती पळवलं असेल, त्याला गणती नाही. स्वतः पळालो नाही, ती गोष्ट वेगळी! शिट्टी मारणाऱ्याने पळायचं नसतं असं माझं मत होतं, आणि माझ्या पोटाचंही तेच मत पडलं होतं.

यंदा मोप्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, दहा किलोमीटरची शर्यत जाहीर झाली. स्टाफरूममध्ये गणिताच्या बाई मला म्हणाल्या, ''देवेश सर, तुम्ही शिट्टी मारायला जाणार असाल ना?'' बाई चांगल्या मनाच्या आहेत, त्यांनी सहज विचारलं. पण मला राग यायला सहजसुद्धा पुरतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी धावणार, आणि तासाच्या आत धावणार. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी ते सगळ्या शाळेला सांगितलं. झालं! आता माघार घ्यायची तर बदलीच मागावी लागली असती.

म्हणून मी ते घड्याळ घेतलं. मनगटावर बांधायचं, पण वेळ सांगणं हे त्याचं अगदी किरकोळ काम. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते आपण कुठे आहोत, किती धावलो, किती वेगाने धावलो आणि काळीज किती वेळा उडालं ते सांगतं. इतकी माहिती माझ्याविषयी हर्षालाही नाही, आणि ती माझी बायको आहे.

ह्या घड्याळात आणखी एक करामत होती. धावता धावता माणूस पडला, तर घड्याळाला ते कळतं. मग ते अर्धा मिनिट थरथरतं. आपण बटण दाबून 'बरा आहे' म्हटलं नाही, तर आपल्या फोनवरून तीन माणसांना मेसेज जातो, की अमका पडला, अमक्या ठिकाणी पडला, धावा. ती तीन माणसं आधी भरून ठेवायची. पहिलं नाव हर्षाचं घातलं. दुसरं शेजारच्या बाबलीचं, कारण त्याच्याकडे पिकअप आहे आणि आवाज आहे. तिसरं कुणाचं घालावं म्हणून मी मोठ्याने विचार करत होतो, तर आई नारळ खवता खवता म्हणाली, ''सदाशिवाचा घाल.''

आणि तिने दहाच्या दहा आकडे तोंडपाठ सांगितले.

मी आणि हर्षा एकमेकांकडे बघत राहिलो. सदाशिव म्हणजे माझे मामा, आईचा पाठचा एकुलता एक भाऊ. त्यांनी अकरा वर्षं आमच्या घरात पाय ठेवला नव्हता की फोन उचलला नव्हता. आईचं नाव देवकी. हर्षा नेहमी म्हणायची, देवकीचा भाऊ नुसता अबोलाच धरून बसलाय हे नशीब समजा.

भांडण झालं माझ्या लग्नात. मामा मुरगाव बंदरावर कामाला होते, तिथेच एकटे राहायचे. त्यांनी लग्न केलं नाही. बाबा गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतर सायकलपासून दाढीपर्यंत सगळं मला मामांनीच शिकवलं. तर लग्नात नवऱ्याच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, हा त्यांचा मान. त्यासाठी त्यांनी जरीकाठी धोतर घेतलं होतं. आणि नेमकी त्या सकाळी जुवारीच्या पुलावर वाहनांची रांग लागली ती हलेना. इकडे भटजी घाई करायला लागले. शेवटी आईने आपल्या चुलतभावाला, शांतारामला, माझ्या मागे उभं केलं. शेवटची मंगलाष्टका संपत असताना मामा मांडवाच्या दारात पोचले. त्यांनी आपल्या जागेवर शांतारामला बघितलं, अक्षता खांबाशी ठेवल्या आणि जेवण्यासाठीसुद्धा न थांबता परत गेले. मी अंतरपाटाआडून ते बघितलं. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही, मुहूर्ताला कसं ओरडायचं म्हणून.

''आई, तो बोलत नाही आपल्याशी,'' मी म्हटलं.

''तुझा घड्याळ खंय बोलूक सांगता? येवक सांगता मा?'' आई म्हणाली. मग थोड्या वेळाने खवलेलं खोबरं गोळा करत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ''मी मेल्यार तो येतलो, ता माका ठावक असा. पण तेव्हा तो इलेलो माका काय दिसतलो?''

मी नंबर घातला. म्हटलं, मी पी.टी. मास्तर, मी कशाला पडतोय!

सराव सुरू झाला. आता शहरातला माणूस धावतो तेव्हा तो फक्त धावतो. आमच्याकडे तसं चालत नाही. दर पन्नास पावलांवर कुणीतरी ''मास्तर, खंय चल्लंस?'' विचारतं, आणि कुठेच नाही असं सांगितलं तर ते वाईट दिसतं. त्यात पुन्हा वाटेवरचे देव. आमच्या पाच किलोमीटरच्या वाटेवर चार घुमट्या आणि एक राखणदार आहे. राखणदार म्हणजे गावची शीव राखणारा देव, काजूच्या झाडाखाली उभा दगड. त्याच्यासमोरून पायताण घालून जायचं नाही. म्हणजे थांबा, बूट काढा, हात जोडा, बूट घाला, नाडी बांधा. घड्याळ बिचारं प्रत्येक वेळी थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. पाच किलोमीटरला मला पहिल्या दिवशी एक तास आणि पाच देव लागले.

पण मी हट्टी माणूस. महिनाभरात वेळ खाली आणली. पोटही थोडं आत गेलं, असं मला वाटायचं आणि हर्षाला वाटायचं नाही.

शर्यतीला आठ दिवस राहिले होते. श्रावणातला रविवार, पावसाने जरा उसंत घेतलेली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधला, आवाज बंद. धावताना फोन वाजणं म्हणजे बेशिस्त! त्या सकाळी वाटेत कुणी भेटलं नाही. पाय असे चालले, की राखणदाराच्या उतारावर मी घड्याळात बघितलं तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना. आजवरची सगळ्यात चांगली वेळ! मला इतकं भरून आलं, की मी उतारावरून सुसाट आलो, दगडासमोर गचकन थांबलो, बूट काढून एका रेषेत ठेवले (ती माझी सवय आहे) आणि त्या ओल्या मातीवर धाडकन साष्टांग नमस्कार घातला.

घड्याळाच्या बाजूने विचार करा. माणूस वेगाने येत होता. एकदम थांबला. जमिनीवर आपटला. आडवा झाला. आणि हलत नाही. ज्याने ते बनवलं त्याने साष्टांग नमस्कार कधी बघितला नसणार. ते थरथरायला लागलं. मला वाटलं, कौतुक करतंय. मी डोळे मिटून राखणदाराला सांगत होतो की शर्यत तासाच्या आत होऊ दे, गणिताच्या बाईंसमोर लाज राख. सांगणं बरंच लांबलं.

इकडे हर्षाच्या फोनवर मेसेज गेला. बाबलीच्या गेला. आणि पासष्ट किलोमीटर लांब, मुरगावला, मामांच्या फोनवर गेला.

मी उठलो तेव्हा वाड्याच्या बाजूने हर्षाची हाक ऐकू आली आणि बाबलीच्या पिकअपचा भोंगा, एकसारखा. माझ्या मनात एकच आलं, आईला काहीतरी झालं. तिचं वय त्र्याहत्तर, साखर वर-खाली होते. बूट घालायला थांबलो नाही. रस्त्याने न जाता शेतांच्या मेरेवरून, बांधाबांधाने, अनवाणी घरी पळत सुटलो. तिकडून ते सगळे रस्त्याने राखणदाराकडे निघाले होते. आमची चुकामूक झाली.

पुढचं मला नंतर हर्षाने सांगितलं. पिकअपमध्ये बारा माणसं होती. मेसेजमधल्या नकाशावरची खूण बरोबर राखणदारावर. पोचून बघतात तर मास्तर नाहीत. दगडासमोर फक्त बूट, आणि तेही एका रेषेत! पडलेला माणूस बूट असे ठेवील का? राखणदाराने माणूस नेला, हे आमच्या गावात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. बारा जणांनी दगडाकडे बघितलं आणि हळूच आपापली पायताणं काढली. हर्षा मला आजूबाजूला शोधायला बघत होती, पण बाबलीने तिला थांबवून गाऱ्हाणं घातलं, ''बा राखणदारा, तू शिमेचो धनी! मास्तरान पायताणां काढून तुझो मान राखल्यान, तो मान्य करून घी. आणि त्येका जसो नेलंस तसो परत हाडून घाल, रे म्हाराजा!''

''होय म्हाराजा!'' दहा जणांनी साथ दिली. अकरावा बाबली, बारावी हर्षा. ती रडत होती.

मी घरी धापा टाकत पोचलो तर आई पायरीवर बसून आळूची देठं सोलत होती. हर्षा तिला काहीच न सांगता निघाली होती. माझ्या चिखलाच्या पायांकडे बघून तिने विचारलं की बूट कुठे टाकून आलास. मी कमरेचा फोन काढला. हर्षाचे तेवीस कॉल. मेसेज उघडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हर्षाला फोन लावला, मी जिवंत आहे असं सांगितलं. पलीकडे बाबली ओरडला, ''पावलो रे पावलो!'' आणि पिकअपभर माणसं राखणदाराचा जयजयकार करायला लागली. माझा साष्टांग नमस्कार कुणी ऐकूनच घेईना. आजही गावात अर्धी माणसं हेच सांगतात, की मास्तरला राखणदाराने नेलं होतं, बाबलीने गाऱ्हाणं घालून आणलं.

''तीन माणसांना गेला मेसेज,'' मी आईला सांगितलं. ''तिसरा मामाला.''

तिने सुरी खाली ठेवली. ''मगे तो निघालो असतलो,'' ती म्हणाली. उठली, हात धुतले आणि आत जाऊन लुगडं बदलून आली. मग वाटाणे भिजवलेले होते ते बघितले. मामांना वाटाण्यांची पातळ भाजी आवडते.

मी म्हटलं, अगं, त्यांना आधी फोन करून सांगूया की मी ठीक आहे. तर तिने माझं मनगट धरलं. ''हात लावू नको फोनाक.''

आता मला खरोखर राग आला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पावसाळ्याचे दिवस, त्यात निसरडा रस्ता, आणि डोक्यात भाचा पडलाय एवढंच. कुठे त्यांची स्कुटर घसरली म्हणजे? मी आईला हे सगळं वर्गात बोलतो तसं बोललो.

''अकरा वर्सां मी हय बसलंय,'' ती म्हणाली. ''त्येका चुकलंय म्हणान सांगूक. चूक माझीच, मुहूर्त काय पळान जाय नाय होतो. तू आता बरो असस म्हणान सांगलंस तर तो पुलावरसून परत फिरतलो. मगे माका दुसरो पूल खय गावतलो?''

तरी मी मागच्या दारी विहिरीकडे जाऊन फोन केला. वाजत राहिला. मामा स्कुटरवर असणार. चार वेळा केला. प्रत्येक वेळी तो उचलला जाऊ नये असं मला मनातून वाटत होतं आणि ते वाटतंय म्हणून स्वतःची चीडही येत होती. धावताना माझं काळीज जितकं उडायचं नाही तितकं तेव्हा नुसतं उभं राहून उडत होतं, घड्याळात दिसत होतं.

आई जनेलाशी, खिडकीचे गज धरून, उभी होती.

दीड तास झाला, पावणेदोन तास झाले. अंगणात स्कुटर शिरली. मामा उतरले. डोक्यावरचे केस गेलेले, हिरवा रेनकोट गुडघ्यापर्यंत. एका पायात कातडी चप्पल, दुसऱ्या पायात न्हाणीतली रबरी. त्यांचं ते त्यांना कळलंही नव्हतं. आणि मी, आमचं नशीब बघा, त्याच वेळी ओट्यावर धडधाकट उभा राहून चहा पीत होतो!

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्यांचा सगळा चेहरा मोकळा झाला. अर्धा क्षण. मग मागे दारात उभ्या असलेल्या आईकडे त्यांची नजर गेली आणि चेहरा परत बंद झाला.

''बरो असस मा?'' ते मला म्हणाले. ''मगे झाला तर. मी जातंय.''

आणि ते वळले.

आई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अकरा वर्षांत तिने जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं त्यातला एक शब्द तिच्या तोंडातून फुटेना. मामांनी स्कुटरच्या हँडलला हात घातला. मी मांडवातल्यासारखाच बघत उभा होतो. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? बऱ्या माणसाकडे थांबायला मामांना कारण काय?

मी कपबशी सोडून दिली आणि ओट्यावरून खाली पडलो.

छान पडलो. पी.टी. मास्तर आहे, पडायचं कसं ते शिकवतो मी. ''आई गंऽऽ! पाय!'' अशी हाक मारली, की शेजारची कोंबडी उडाली. घड्याळ ताबडतोब थरथरायला लागलं. ह्या वेळी मात्र मी बटण दाबलं.

मामा धावत आले. बंदरावर चाळीस वर्षं कुणाचा पाय मुरगळला, खांदा निखळला, की माणसं आधी सदाशिवला हाक मारायची. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, घोटा चाचपला, वर बघितलं. मी तोंड वाकडं केलं.

''हलव नको,'' ते म्हणाले. मग वर न बघता, अकरा वर्षांनी, ते आईशी बोलले. ''बाय, त्याल गरम कर.''

आई तेल आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. बाबलीने बाजारातून नारळ-केळी आणून राखणदाराला देईपर्यंत कुणाला हलू दिलं नव्हतं; हर्षा पिकअपमधून बूट घेऊन परतली तेव्हा नवरा आडवा, मामा पाय चोळतायत आणि सासू स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसतेय असं तिला दिसलं. तिला मी डोळा मारला. ती काय समजायचं ते समजली. हुशार बाई आहे.

त्यानंतर मी जो आडवा झालो तो आडवाच. मामांनी पाट्यावर वाटलेला कसलासा पाला बांधला आणि पाय जमिनीला लावायचा नाही असं फर्मावलं. दुसऱ्या कुणाच्या हातात हा पाय द्यायचा नाही, म्हणून ते स्वतः राहिले. सकाळ-संध्याकाळ चोळणं. मधल्या वेळात आईशी बोलणं. आधी तेलाविषयी, मग पावसाविषयी, मग आईच्या बांद्याच्या माहेरघराविषयी. चौथ्या दिवशी मी खाटेवरून ऐकलं, मामा पावाचा तुकडा पातळ भाजीत बुडवत म्हणत होते, की त्या दिवशी पुलावर बसमधून उतरून, पुढची गाडी मिळेपर्यंत ते दोन मैल चालले होते, धोतर वर खोचून. आई म्हणाली, ''माका माहीत नाय होता रे.'' मग दोघंही जेवली.

मला मात्र घड्याळाने जीव नकोसा केला. तासातासाला थरथरून सांगायचं, उठा, हला. सकाळी सांगायचं, शरीर ताजंतवानं आहे, आज जोरात धावा. पुढे पुढे ते रागावलं आणि 'सराव सोडला' असं दाखवायला लागलं. मी पांघरुणात हात घालून ठेवायचा. शाळेत रजेचा अर्ज गेला. गणिताच्या बाईंनी डब्यातून शिरा पाठवला, आणि 'काळजी घ्या' अशी चिठ्ठी. त्या चिठ्ठीतलं अक्षर मला हसल्यासारखं वाटलं.

शर्यतीचा रविवार उजाडला. सडा आमच्या डोक्यावरच. कर्ण्याचा आवाज खाटेपर्यंत येत होता. एकेकाची नावं पुकारत होते. मग माझं आलं, ''एकशे बारा नंबर, देवेश सर! देवेश सर आले असतील तर पुढे या!'' दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मग बंदूक उडाली.

मामा पायाशी बसून चोळत होते. मला एकाएकी सगळ्याची लाज वाटली. बरा माणूस आठ दिवस म्हाताऱ्याकडून पाय चोळून घेतोय, हे काय शोभणं झालं? आणि मुख्य काम झालंच होतं. मी उठून बसलो.

''मामा, एक सांगायचं होतं. पायाला...''

''उजव्या काय डाव्या?'' त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. पहिल्या दिवशी मी उजवा धरून ओरडलो होतो. मामा डावा चोळत होते. कधीपासून ते मला आठवेना.

''गुरवारपासून डावो चोळतंय,'' मामा म्हणाले. ''तुका दुखता म्हणालंस, मी म्हटलंय दुखांदेत.'' त्यांनी तेलाची वाटी पुढे ओढली. अंगठा घोट्यावर दाबून ते हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल इतकंच बोलले, ''गणपतीची चवथ पंदरा दिसांवर इली. तवसर बरो होव नको, भाच्या.''

मी परत उताणा झालो. वर सड्यावर लोक टाळ्या वाजवत होते.

आतून आईने विचारलं, ''रे सदाशिवा, पाय कसो असा त्येचो?''

''वायट असा, बाय,'' मामा म्हणाले. ''दीस लागतले.''

आतला खोबरं खवण्याचा आवाज जरा थांबला.

''लागांदेत,'' आई म्हणाली.